चिकमाडीचा इतिहास

बडबडगीतांना इतिहास असतो, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर माझ्या सात वर्षांच्या नातीकडून कळली, आणि तिथून माझी जी वरात निघाली ती थेट कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांसमोर जाऊन थांबली.

नात डब्लिनला असते. ऋतिका तिचं नाव. दर रविवारी माझी मुलगी रचना चेहरा दिसणारा फोन लावते. ऋतिकाचा त्यातला कार्यक्रम ठरलेला असे. पडद्यात नाक खुपसून ‘हाय आजोबा’ म्हणायचं, ‘जेवलात?’ विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पळायचं. मी ‘जेव’पर्यंत यायचो, तोवर समोर रिकामा सोफा असायचा. उरलेलं ‘लो’ रचनाला ऐकावं लागे.

त्या रविवारी मात्र ती पळाली नाही. शाळेत त्यांना एक छोटा कार्टूनपट दाखवला होता, इंग्रजी बडबडगीतं मुळात कुठून आली यावर. कुठल्या गाण्यात म्हणे राजाला मारलंय, कुठल्यात साथीचा रोग दडलाय, कुठल्यात कुणाचं तरी डोकं उडवलंय. हे सगळं तिने मला अतिशय आनंदाने सांगितलं आणि मग विचारलं, “आजोबा, आपल्या गाण्यात कोण मेलं?”

मी म्हणालो, “कुठल्या गाण्यात?”

“मम्मा म्हणते, आजी तिला एक गाणं म्हणायची. चिकमाडी असं काहीतरी. मम्माला बाकीचं आठवत नाही. चिकमाडी म्हणजे काय?”

खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. पण नात पहिल्यांदाच माझ्या उत्तराची वाट बघत उभी होती. अशा वेळी ‘माहीत नाही’ म्हणणारा आजोबा अजून जन्माला यायचाय. मी म्हणालो, “त्याला फार मोठा इतिहास आहे बाळ. तोंडी सांगून समजायचा नाही. मी त्याचा कार्टूनपटच काढतो.”

“बाबा, उगाच काहीतरी कबूल करू नका,” मागून रचना म्हणाली. “ती विसरत नाही.”

ती विसरू नये एवढंच तर मला हवं होतं. पुढच्या रविवारी ऋतिका स्वतःहून फोनवर आली, “झालं का?” म्हणाली आणि मी ‘जेवलो’ हा शब्द पूर्ण करेपर्यंत जागची हलली नाही. त्या आठवड्यात मी फार खुशीत होतो. पण हेही समजून होतो की इतिहास जर मिळमिळीत निघाला, तर सोफा पुन्हा रिकामा होणार.

गाणं मला पाठ होतं. अंजना, म्हणजे माझी बायको, रचनाचा हात मांडीवर घेऊन दोन बोटं तळव्यापासून वर वर चालवायची आणि म्हणायची:

आण्णाप्पाची गाडी आली,
मनगटाशी उभी राहिली,
कोपरावरून वळली,
दंडाशी दंड भरली,
काखेत काय? काखेत काय?
चिकमाडी! चिकमाडी! चिकमाडी!

शेवटच्या ओळीला बोटं काखेत शिरायची आणि रचना किंचाळत लोळायची. अंजनाला जाऊन तीन वर्षं झाली. अभ्यास म्हणून मी दुपारी आरामखुर्चीत बसून स्वतःच्याच हातावर गाणं म्हणून पाहिलं. मनगट झालं, कोपर झालं, काख आली, आणि काहीच झालं नाही. आपल्याला आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत. दुसऱ्या हाताने उलटं करून पाहिलं, तरी नाही. मग उठून चहा केला.

माझं राहणं बेळगावजवळ हिंडलग्याला. तिथे जेल असल्यामुळे परगावच्या माणसाला ‘हिंडलग्याला असतो’ म्हटलं की तो जरा मागे सरकतो आणि ‘कधी सुटणार?’ असा विनोद करतो. पूर्वी मी त्याला चोख उत्तर द्यायचो. हल्ली सुचत नाही. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी तपासणी खात्यात होतो. ओतलेला भाग हातात घ्यायचा आणि त्यातली भेग, भोक, खोट शोधायची. हा सगळा जन्म खोट काढण्यात गेल्यामुळे माझ्याकडे गप्पा मारायला फारसं कुणी येत नाही. अपवाद शेजारच्या मारुतीरावांचा. ते शेती करतात आणि उरलेल्या वेळात इतिहास.

मी त्यांना गाणं म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि उघडले तेव्हा ते वेगळेच गृहस्थ झाले होते.

“चिक्क म्हंजे काय?” त्यांनी विचारलं.

“कन्नडमध्ये लहान.”

“आणि माडी म्हंजे माडी. ल्हान माडी! उच्चावरची ल्हान माडी म्हंजे काय असतंय? टेहळणीचा बुरूज! आण्णाप्पा सरदार हाय. गाडी न्हवं ती, तोफंचा गाडा. दंड भरली म्हंजे खंडणी दिली. लई मोठं घबाड घावलंय तुमाला.”

“मग मनगट आणि कोपर?”

“ती ठाण्यांची खोटी नावं. शत्रूला कळू ने म्हनून.”

मारुतीरावांच्या मालुबाई दारातून म्हणाल्या, “भावजी, गाय घाला तेच्यात एक. पोरास्नी गाय आवडती.”

मारुतीरावांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, पण मी गाय लक्षात ठेवली. बाकी बुरुजाचं म्हणणं मला एकदम पटलं. अर्धं कन्नड, अर्धं मराठी नाव आमच्या भागात नवलाचं नाही. माणूस एकटा असला की त्याला कुठलाही बुरूज पटतो.

आता बुरूज म्हटला की जागा हवी, आणि जागा हवी तर सरकारी कागद हवा. मी जुने नकाशे मिळतात अशा एका कचेरीत गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, “सर्व्हे नंबर?”

“बडबडगीताला सर्व्हे नंबर नसतो.”

“मग अर्ज कशाच्या आधारावर घ्यायचा?” त्यांनी आता मान वर केली. “आणि अर्जी कन्नडदाग बरकोंड बर्री.”

मी बाहेर बाकावर बसून अर्ज कन्नडमधून लिहून काढला आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो. त्यांनी तो दोनदा वाचला. मग शेजारच्या टेबलाला वाचून दाखवला. दोघांनी मिळून असा निर्णय दिला की चिकमाडी ही माडी असेल तर बांधकाम खात्यात जा, गीत असेल तर संस्कृती खात्यात जा, आणि दोन्ही असेल तर जेवणाच्या सुट्टीनंतर या. सुट्टीनंतर खिडकीत वेगळेच गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “सर्व्हे नंबर?”

मी इतिहासाचा कागदोपत्री भाग तिथेच सोडला आणि निपाणीला प्रशिककडे गेलो.

प्रशिक लग्नाच्या आमंत्रणांचे हलते व्हिडिओ बनवतो. दुकान स्टँडजवळ, दोन लेकरांचा बाप, कामाला चोख. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“व्हतंय की काका. पर नवं क्यारेक्टर काढायचं म्हंजे लई येळ जातोय. आपल्याकडं नवरदेव तयार हाय. तेच्या हातात तलवार दिली की झाला सरदार.”

आठवड्याभरात पहिला नमुना तयार झाला. सरदार आण्णाप्पा फुलांनी सजवलेल्या मोटारीतून बुरुजाकडे निघाला होता. बुरूज म्हणजे मूळचा मांडव. त्याला उंच करून मशाली लावल्या होत्या. आण्णाप्पा मधूनच आमच्याकडे वळून हात जोडायचा, कारण त्याला तेवढंच येत होतं. हात जोडताना तलवार हवेत राहायची. शत्रुसैन्य फेटे बांधून नाचत आलं. गाय होती, तीही बाशिंग बांधून. आणि कोपऱ्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ हे तसंच राहून गेलं होतं.

“किरकोळ हाय, काढतो,” प्रशिक म्हणाला.

खरी अडचण हाताची होती. ज्याच्यावरून गाडी जाते तो लहान मुलाचा हात कॉम्प्युटरला सांगून काढला, तर कॉम्प्युटरने सहा बोटं दिली. पुन्हा सांगितलं, तर सात. चालणाऱ्या बोटांचंही तेच. इतक्या बोटांनी गाणं दुसऱ्या ओळीलाच काखेत पोचत होतं.

“खरा हात समोर ठेवून काढाय पायजे,” प्रशिक म्हणाला.

मी बाही वर केली. त्याने माझा हात दिव्याखाली धरून उलटासुलटा केला, जसा मी फौंड्रीत ओतीव भाग करत असे, आणि हळूच खाली ठेवला. “राग मानू नका काका, पर ह्या हाताला गुदगुल्या व्हतील असं वाटत न्हाई. ल्हान पोराचा पायजे. आमची दोगं आजोळी गेल्यात सुट्टीला.”

मी मनातल्या मनात आमची गल्ली धुंडाळली. मारुतीरावांची नातवंडं पुण्याला. पलीकडच्यांची बंगळुरूला. कोपऱ्यावरच्या घराला कुलूप. आमच्या गल्लीत आता सगळ्यात लहान म्हणजे मारुतीरावांचा पुतण्या, तो बँकेत लागलाय. गल्लीत इतकी शांतता का असते हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

शेवटी प्रशिकनेच तोड काढली. कोल्हापुरात त्याच्या मित्राचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. तिथल्या प्लास्टिकच्या पुतळ्यांचे हात निघतात. आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून गेलो. मित्राने एका गुलाबी पोराचा उजवा हात खांद्यापासून पिळून काढून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि मी तो काखेत मारून मागे बसलो. मागे राहिलेला एकहाती पुतळा तसाच हसत होता, ते मला बघवेना.

दिवस निवडणुकीचे होते. राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर एकूण एक गाडी अडवत होते. एका हवालदाराने आमच्यापुढे काठी आडवी धरली.

“काखेत काय हाय?”

“हात,” मी म्हणालो.

“हात गोत्तायितु, कळला. काखेत काय हाय?”

“काखेत पण हातच आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग प्रशिककडे. “किती पिऊन आलाय ह्यो?”

तेवढ्यात वाऱ्याने कागद उडाला आणि पाच गुलाबी बोटं बाहेर आली. हवालदार दोन पावलं मागे गेला. काठीने टोचून ते प्लास्टिक आहे याची खात्री झाल्यावर त्याला धीर आला, आणि धीर आल्यावर त्याला दुसराच संशय आला. ऐन निवडणुकीत हात हे कुणाचं चिन्ह आहे हे मी सांगायला नको.

“प्रचाराचं साहित्य!” तो ओरडला. “साहेब! हाताचा माल सापडलाय!”

“किती नग?” नाक्याच्या मांडवातून कन्नडमध्ये आवाज आला.

“एकच हाय.”

“दुसरा कुठं टाकला विचार!”

“दुसरा पोराला आहे,” मी घाईघाईने म्हणालो, आणि हे बोलायला नको होतं असं लगेच लक्षात आलं.

मला खाली उतरवून रस्त्याच्या कडेला उभं केलं. येणारे-जाणारे ट्रक वेग कमी करून मला बघून घेत होते. तपासणी खात्यातून मानाने निवृत्त झालेल्या माणसाची अशी तपासणी चालली होती, आणि घरी जाऊन कुणाला सांगावं तर घरी कुणी नव्हतं. याचंच मला जास्त वाईट वाटलं. अंजना असती तर तासभर हसली असती आणि मग पोलिसांना शिव्या दिल्या असत्या.

मांडवातून साहेब आले. तरुण, शिडशिडीत, म्हैसूरकडचे असावेत. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवलं, मग प्रशिकच्या मोटारसायकलच्या पेटीकडे, मग माझ्या दोन्ही काखांकडे, आणि हवालदाराला म्हणाले, “चेक माडी. चेक माडी. चेक माडी.”

हवालदाराने माझ्या काखेत हात घातला. मी जोरात हसलो.

आता इथे एक बारकावा सांगायला हवा. आमच्या बेळगावकडे कन्नड बोलणारा माणूस ‘करा’ला ‘माडरी’ म्हणतो. ‘माडी’ म्हणतो तो तिकडचा, खाली म्हैसूरकडचा माणूस. जन्मभर ‘माडरी’ ऐकलेल्या माझ्या कानाला त्या गाण्यातली माडी म्हणूनच विटामातीची वाटली. जन्म तपासणीत गेला आणि ‘चेक’ हा शब्द ऐकू आला नाही! मी हसत होतो ते काखेमुळे की यामुळे, हे आता मलाही सांगता येणार नाही. साहेबांना मात्र मी निरुपद्रवी वेडा आहे अशी खात्री पटली, आणि त्यांनी आम्हाला हातासकट सोडलं.

“प्रशिक,” मी मागे बसता बसता म्हणालो, “निपाणीत अंबुबाईंकडे घे.”

अंबुबाई म्हणजे अंजनाची थोरली बहीण. त्यांना आधीच का विचारलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. बायकोच्या माहेरचा इतिहास आपण इतिहासात धरत नाही. अंबुबाईंनी दारातच माझी दशा पाहून पाणी दिलं. मी खाली बसून गाणं म्हणालो, तर त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

“आप्पांचं गानं ते! कुटनं घावलं तुमाला?”

“कोण आप्पा?”

“आवो, आण्णाप्पा म्हंजे आमचं आप्पा! तुमचं सासरं! सासऱ्याचं नाव बी ठावं न्हाई व्हय तुमाला?”

सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते. घरात सगळे त्यांना नुसतं ‘आप्पा’ म्हणत. लग्नपत्रिकेत पूर्ण नाव होतं, पण पत्रिकेत नवरदेव फक्त आपलंच नाव वाचतो.

“कोल्लापुरात मिलमदी हुतं आप्पा,” अंबुबाई सांगू लागल्या. “शनवारी घरला यायचं. नाक्यावर गाडी थांबवून समद्यास्नी उतरवायचं. तितं म्हैसूरकडचा कोन फौजदार हुता, लई खाष्ट. सारखा आपला ‘चेक माडी, चेक माडी’. कुनी काय लपवलं की दंड. आप्पा घरी येऊन तेची नक्कल करून दावायचं. मग आमी दोगी दारातच धरायचो तेस्नी. म्या पिशवी धरायची, आन् अंजी काख. ‘काखेत काय?’ म्हनून. काखेत फुटान्याचा पुडा असायचा.”

“आणि नसला तर?”

“नसला तरी धरायचो की. आप्पा आल्यात, ह्येच लई हुतं. अंजी सोडायचीच न्हाई. आप्पा खाली बसायचं हसून हसून. ते गानं बी तिनंच जुळवलं. पाच-सा वर्साची आसंल.”

अंजनाबरोबर इतकी वर्षं संसार केला, पण दारात बापाला अडवून उभी असलेली ही मुलगी मला कधी भेटलीच नव्हती. मला तिला अजून पुष्कळ विचारायचं होतं. पुडा उघडायचं कोण? आप्पा आले नाहीत त्या शनिवारी काय करायचीस? विचारायला ती नव्हती, याची तीन वर्षांत नाही इतकी चीड आली. अंबुबाईंनी चहा पुढे केला तो मी घेतला.

सरदार रद्द झाला. प्रशिकने कुरकुर न करता वऱ्हाडाच्या बसची एसटी केली, मांडवाचा नाका केला. आण्णाप्पाला नवरदेवाची मिशी तशीच राहिली, पण आता तो फौजदारापुढे हात जोडायचा, तेव्हा ते शोभून दिसायचं. आवाज मी दिला. गाय बाशिंग काढून नाक्यावर उभी केली.

मारुतीरावांना कार्टूनपट दाखवला तर ते हिरमुसले. “ह्यात इतिहास कुठाय? नुसता बाप घरी आला.”

“तेवढंच झालं होतं.”

“निदान एक हल्ला तरी घाला. पोरगी उठून जाईल.”

नेमकी तीच मला धास्ती होती. रविवारी फोन लागला. रचनाने कार्टूनपट लावला. ऋतिका सोफ्यावर मांडी घालून बघत होती. मला तिचा फक्त अर्धा गाल दिसत होता. संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

“राजा नाही?”

“नाही.”

“कुणी मेलंच नाही?”

“नाही बाळ.”

“फक्त बाबा घरी आले?”

“हो. फक्त बाबा घरी आले.”

ती विचारात पडली. मला वाटत होतं, आता उठेल, मग उठेल. तिने विचारलं, “पण चेक कसं करतात?”

मी माझा हात पडद्यासमोर धरून दोन बोटं चालवायला लागलो. “असं, मनगटापासून...” पण ते काही खरं नव्हतं. इथून डब्लिनपर्यंत कुठलंही बोट पोचत नाही. मी म्हणालो, “रचना, तिचा हात घे.”

रचनाने फोन सोफ्यावर टेकवून ठेवला आणि ऋतिकाचा हात मांडीवर घेतला. “आण्णाप्पाची गाडी आली...” ती अडखळली नाही. विसरले म्हणणाऱ्या मुलीला एकेक ओळ येत होती, आवाज थेट अंजनाचा. काखेत काय म्हणेपर्यंत ऋतिका आकसून गोळा झाली होती, आणि मग अशी किंचाळली की फोन उताणा पडला. मला छत दिसायला लागलं. दार वाजलं, जावई आदर्शराव दूध घेऊन आले असावेत, कारण ऋतिका “काखेत काय? काखेत काय?” ओरडत धावली, रचनाही धावली, काहीतरी खाली पडलं आणि तिघंही एकदम हसायला लागली.

“मी आहे हं अजून,” मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही.

मी फोन बंद केला नाही. नातीने मला सोडून पळावं आणि मला बरं वाटावं, असं आजवर झालं नव्हतं. पण बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी फार एकटंही वाटत होतं. हसणं थांबेना. मी छत बघत बसलो. छत पांढरं होतं, कोपऱ्यात ओल धरली होती. वेळीच बघून घे, पुढे पापुद्रे सुटतील, असं रचनाला सांगायचं होतं. पण ती हसत होती.